मातीमोल

‘मातीमोल’ हा शब्द ज्याने रूढ केला, त्याने पोर्सेलीनची, म्हणजे पातळ, शुभ्र चिनी मातीच्या भांड्यांची, माती स्वतः कधी कालवली नसावी. तयार माती महाग पडते, सुटे घटक आणून घरीच मिसळले तर मोठी बचत होते, असा हिशेब मी पत्नीपुढे मांडला होता. त्या हिशेबात वजनकाटा, बारीक चाळणी, मुखवटा, दोन बादल्या आणि माझी कंबर धरलेली नव्हती.

कृती ऐकायला सोपी आहे : निम्मे केओलिन (पांढरी माती), पाव हिस्सा फेल्डस्पार (भट्टीत वितळणारे खनिज) आणि पाव हिस्सा सिलिका (गारेची पूड). सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळे मुखवटा बांधावाच लागतो. त्याआडून मी दिलेल्या सूचना घरात कोणालाही कळल्या नाहीत, हे पुढचे पाहता बरेच झाले.

केओलिन शुभ्र असते, पण त्याला वळण लागता लागत नाही. म्हणून १० किलो कोरड्या मिश्रणात २०० ग्रॅम बेंटोनाइट ही अतिशय चिकट माती घालायची असते, आणि तेही सगळे कोरडे असतानाच. मी ते शेवटी, पाणी ओतून झाल्यावर, जेवणावर कोथिंबीर भुरभुरावी तसे वरून भुरभुरले. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगते, आणि बाहेरचा थर फुगला की आतल्या पुडीपर्यंत पाणी पोचू देत नाही. परिणामी बादलीत बाहेरून बुळबुळीत आणि आतून ठणठणीत कोरड्या अशा असंख्य गुठळ्या तरंगू लागल्या. हाताने चिरडावी तर गुठळी निसटे, काठीने ढवळावे तर ती काठीबरोबर प्रदक्षिणा घाली. अखेर इंचाला ८० छिद्रे असलेल्या चाळणीतून ते सारे रगडून काढण्यात माझा एक रविवार गेला.

रगडताना मला योहान ब्योटगर आठवत होता. सोने बनवून देईल या आशेने जर्मनीतल्या सॅक्सनीच्या अधिपतीने या किमयागाराला कोंडून ठेवले होते; सोने काही झाले नाही, पण १७०८च्या सुमारास त्याला पोर्सेलीनचे गमक सापडले आणि १७१०मध्ये तिथल्या माइसेन गावी पोर्सेलीनचा कारखाना उभा राहिला. मला मात्र कोणी कोंडले नव्हते. न्हाणीघराची कडी मीच आतून लावली होती, कारण बाहेर पत्नी ‘आंघोळ केव्हा करता येईल’ एवढेच विचारत उभी होती.

प्लास्टरच्या लादीने जास्तीचे पाणी शोषून घेतल्यावर मी माती मळली आणि चाकावर एक पेला उभा केला. तो उचलताना किंचित कलला; मी हलकेच सरळ केला आणि कोणी पाहिले नाही म्हणून निश्चिंत झालो. पोर्सेलीन असे काही विसरत नाही. सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून पेला बाहेर आला तो नेमका त्याच बाजूला कललेला होता. शिवाय तो आक्रसला होता. १० सेंटिमीटरची उंची साडेआठवर आली, म्हणजे फार घटली असे वाटत नाही. परंतु रुंदीही त्याच प्रमाणात घटत असल्यामुळे आत मावणारा चहा जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होतो. पत्नीने पेला उजेडात धरला, त्यातून तिची बोटे अस्पष्ट दिसली, आणि ती क्षणभर खरोखर गप्प झाली. मग तिने त्यात खोकल्याचे औषध मोजून पाहिले.

उरलेली माती न्हाणीघराच्या कोपऱ्यात पिशवीत बांधून ठेवली आहे. माती जितकी मुरेल तितकी वळायला चांगली होते, आणि चीनमधले जुने कुंभार पुढच्या पिढीसाठी माती मुरत ठेवत असे सांगतात. पिशवी केव्हा हलवणार, असे पत्नीने परवा पुन्हा विचारले, तेव्हा मी आमच्या मुलाकडे पाहिले.