पटवर्धनांनी दवाखान्याला कुलूप लावलं नव्हतं

तीन ग्रुपवरून फिरून तोच मेसेज शेवटी आमच्या भाटव्यांनीही पाठवला. म्हणे ठाण्याचे डॉक्टर सुधीर पटवर्धन चित्रकला शिकलेच नाहीत. एक दिवस दवाखान्याला कुलूप लावलं, ब्रश धरला आणि रातोरात मोठे झाले. कला देवाची देणगी, पोरांच्या क्लासवर पैसे घालू नका. झालं! चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्या भाच्यानं वही मिटली. वर मलाच विचारतो, ‘मामा, पटवर्धन कोठी शिकले?’

आर्ट स्कूलची पदवी त्यांच्याकडे नाही, हे खरं. एवढंच खरं.

कुलूप कुठून आलं? १९७५ ते २००५, तब्बल तीस वर्षं ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे तपासणारे डॉक्टर होते. चित्रं काढली ती नोकरीधंदा सांभाळून. ‘इराणी रेस्टॉरंट’ १९७७चं, ‘लोअर परळ’ २००१चं. दोन्ही त्याच काळातली.

आता ‘शिकले नाहीत’. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली डॉक्टर झालेला माणूस शरीर शिकला नाही? हाड कुठं वळतं, स्नायू कुठं ताणतो, हे त्यानं आधी शवविच्छेदनाच्या मेजावर पाहिलं, मग एक्स-रेत. चित्रं काढायला फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रं बघून बघून शिकले. त्यांच्या चित्रातला मजूर नुसता उभा असला तरी पायांवर वजन दिसतं, ते काय देवानं पोस्टानं पाठवलं?

भाच्याच्या वहीत पोळ्याचा बैल आहे. झूल झकास, शिंगं झकास. मागच्या पायाचा जो कोपरा मागे निघतो, त्याला हा गुडघा समजून बसला. बाप्पा, तो घोटा आहे. गुडघा वर, पोटापाशी. गोठ्यात जा, हात लावून पाहा. पंधरा वेळा काढ. यालाच शिकणं म्हणतात, क्लासात असो की गोठ्यात.

‘रातोरात’चं काय बोलावं! पदवी १९७२ची, पहिलं एकल प्रदर्शन १९७९ला दिल्लीत. दोन वर्षांनी भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख वगैरे चित्रकारांसोबत ‘प्लेस फॉर पीपल’ हे सामूहिक प्रदर्शन. आणि मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं ते २०१९च्या अखेरीस. फार लांब रात्र होती बुवा.

क्लासवाले काही ठिकाणी नुसती फी उकळतात, तेही कबूल. मग क्लास बदला ना.

हे सगळं भाटव्यांना लिहून पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. भाचा मात्र संध्याकाळी गोठ्यात दिसला, बैलानं दोनदा शेपूट मारली त्याला.