दूध-व्हिनेगरचं ‘अस्सल बटरमिल्क’ आणि त्यातली ॲसिडची ओळ

‘अस्सल बटरमिल्क ५ मिनिटांत घरी’ या नावाचा एक निरोप सध्या घराघरांतल्या, सोसायट्यांच्या, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात सांगते. केकला लागणारं बटरमिल्क बाहेर महाग मिळतं आणि त्याच्या जागी आपलं ताक अजिबात चालत नाही. म्हणून कपभर गरम दुधात चार मोठे चमचे व्हिनेगर घालायचं. व्हिनेगर जितकं जास्त तितका केक हलका. व्हिनेगर नसेल तर ॲसिटिक ॲसिड आणायचं, ‘दोन्ही एकच’, आणि ते तेवढ्याच मापाने घालायचं. तयार झालेलं हे बटरमिल्क म्हणे प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जिवाणू असलेलं असतं, दूध न पचणाऱ्यांनी ते खुशाल प्यावं, मुलांना रोज द्यावं, फ्रिजमध्ये ते पंधरा दिवस टिकतं.

असल्या निरोपांना उत्तर देत बसायला मला वेळ नसतो. पण काल माझ्या भाचीचा फोन आला. दहावीची परीक्षा संपली आहे, घरात नवा ओव्हन आलाय, रोज काही ना काही भाजणं चालू आहे. तिने विचारलं, “मावशी, घरात व्हिनेगर नाहीये. ॲसिटिक ॲसिड रंगाच्या दुकानात मिळेल की केमिकलवाल्याकडे?” तिने विचारलं म्हणून वाचलो. न विचारता कुणी आणलं असेल तर त्यांच्यासाठी आधी हाच मुद्दा घेते.

व्हिनेगरमध्ये ॲसिटिक ॲसिड असतं, हे खरं. पण किती असतं? स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के, बाकी जवळजवळ सगळं पाणी. केमिकलच्या दुकानात ॲसिटिक ॲसिड म्हणून जी बाटली हातात पडते ती बहुधा ‘ग्लेशियल’ असते, म्हणजे ९९ टक्क्यांच्या वर. हिशेब करून बघा. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, व्हिनेगर असेल तर पाऊण ग्रॅम आम्ल जातं. त्याच चमच्यात ही बाटली ओतली तर जवळपास १६ ग्रॅम. निरोपात असे चार चमचे सांगितलेत. कपभर दुधात ते घातले की त्या भांड्यात वीस टक्क्यांच्या आसपासचं आम्ल तयार होतं, आणि पुढच्याच ओळीत ते मुलांना प्यायला द्या म्हटलंय! लिहिणाऱ्याने हे एकदा तरी वाचून पाहिलं होतं का?

या बाटलीचं बूच उघडलं तरी वाफेने डोळ्यांतून पाणी येतं, नाक-घसा झोंबतो. हातावर सांडलं तर कातडी भाजते आणि फोड कधी कधी लगेच दिसतही नाहीत, थोड्या वेळाने उठतात. पोटात गेलं तर तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत सगळं भाजत जातं. शिवाय साधारण १६-१७ अंशांखाली ते बर्फासारखं गोठतं. डिसेंबरात नाशिक-निफाडकडे पहाटे किती थंडी असते ते तिकडच्या माणसांना सांगायला नको. गोठलेली बाटली बघून कुणी ती पातळ करायला गॅसजवळ नेऊन ठेवली तर आणखी वेगळंच संकट, कारण ४० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. चुकून अंगावर सांडलंच तर वाहत्या नळाखाली बराच वेळ धरा. तोंडात गेलं तर चूळ भरायला लावा, उलटी करवू नका, कारण वर येताना ते पुन्हा भाजतं. आणि तडक दवाखाना गाठा.

‘पण बाजारातलं स्वस्त व्हिनेगरही ॲसिडपासूनच बनवतात ना?’ असं एका ग्रुपवर कुणीतरी विचारलंच. बनवतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०११ च्या खाद्यपदार्थ मानकांच्या नियमांत त्याला सिंथेटिक व्हिनेगर म्हटलंय. त्यात किमान ३.७५ टक्के ॲसिटिक ॲसिड असावं आणि लेबलवर ‘सिंथेटिक – प्रिपेअर्ड फ्रॉम ॲसिटिक ॲसिड’ असं स्पष्ट छापावं, असं तिथे सांगितलंय. म्हणजे खाण्याजोगं ॲसिड घेऊन, मोजून, पाणी घालून, तपासून भरलेली ती बाटली असते. रंगाईच्या कामासाठी विकलं जाणारं ॲसिड घरी आणून चमच्याने दुधात ओतणं आणि हे, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तेव्हा किराणा दुकानातून व्हिनेगरचीच बाटली घ्या, लेबल वाचून घ्या. ती नसेल तर लिंबू आहे. कपभर दुधाला मोठा चमचाभर लिंबाचा रस तेच काम करतो. लिंबू घरात असताना ॲसिडपर्यंत जायचं कारणच काय?

आता ताकाचं. ‘आपलं ताक चालत नाही’ हे वाचून तर मला राहवेना. दूध विरजायचं, दही लागलं की रवीने घुसळायचं, लोणी वर आलं की काढून घ्यायचं, खाली जे उरतं ते ताक. तिकडे युरोप-अमेरिकेतही बटरमिल्क म्हणजे आधी हेच होतं, लोणी काढल्यावर उरलेलं आंबूस पाणी. आता अमेरिकेत दुकानात जे मिळतं ते बहुतेक वेळा कमी साईच्या दुधाला जिवाणूंचं विरजण लावून केलेलं असतं, म्हणजे पातळसर दह्याच्याच जातीचं. दोन्हीकडे आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्लाने आणि ते जिवाणू तयार करतात. व्हिनेगर घातलेल्या दुधात यातलं काही घडत नाही. त्यात आंबट काय, तर बाहेरून ओतलेलं व्हिनेगर.

शंका असेल तर काचेचे दोन पेले घ्या. एकात दाट ताक, दुसऱ्यात व्हिनेगर घातलेलं दूध. पेला तिरपा करून सरळ केला की ताकाचा पांढरा थर काचेला धरून राहतो, सावकाश खाली सरकतो. दुसऱ्या पेल्यात दूध पाण्यासारखंच हलतं, काचेला बारीक कण चिकटतात आणि जरा वेळ ठेवलं की ते खाली बसतात. हा दाटपणा केकला लागतो. त्याने मिश्रणाला अंग येतं, सोड्याने झालेले बुडबुडे त्यात धरून राहतात. बटरमिल्क सांगितलेल्या पाककृतीत पातळ दूध ओतून पीठ सैल झालं की मग वरून मैदा टाकत बसावं लागतं आणि केक दडदडीत होतो.

ताकाच्या बाबतीत एकच गोष्ट सांभाळायची. जेवणात पितो ते ताक पाणीदार असतं, ते चालणार नाही. निरोप लिहिणाऱ्याने कदाचित तेच वापरून पाहिलं असेल, तेवढं मी समजू शकते. पाऊण कप चांगलं लागलेलं, थोडं आंबट दही आणि पाव कप पाणी किंवा दूध एकत्र घुसळा, धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत व्हायला हवं. अदमुरं दही नको, त्यात आंबटपणा पुरेसा नसतो आणि सोडा उरून राहतो. पिशवीतलं मसाला ताकही नको, त्यात मीठ, जिरं, आलं, मिरची असतं.

गरम दुधाबद्दल काय बोलायचं! गरम दुधात आंबट घातलं की पनीर होतं, हे ज्याच्या घरात एकदा तरी दूध नासलंय त्याला माहीत आहे. दूध थंड किंवा खोलीच्या तापमानाचं घ्या.

‘व्हिनेगर जास्त, केक हलका’ हेही खोटं. केक फुगतो तो वायूने आणि वायू निघतो खायच्या सोड्यातून. अर्धा छोटा चमचा सोडा पूर्ण खर्ची पडायला ५ टक्क्यांचं व्हिनेगर दोन मोठ्या चमच्यांच्या किंचित वर लागतं, तेही दूध-दह्याचा स्वतःचा आंबटपणा धरला नाही तर. त्यापुढे घातलेल्या व्हिनेगरला लढायला सोडाच उरत नाही. केक आंबट होतो, वास मारतो आणि वरून नीट तांबूसही होत नाही, कारण आंबट मिश्रणाला रंग कमी चढतो. कपभर ताकाला किंवा व्हिनेगरच्या दुधाला अर्धा छोटा चमचा सोडा हे माप धरून चाला. बेकिंग पावडर ही वेगळी गोष्ट, तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं. सोड्याच्या जागी तेवढीच पावडर घालून चालत नाही.

प्रोबायोटिकचा दावा मला ॲसिडच्या खालोखाल धोक्याचा वाटतो, कारण तो साधा-सोज्वळ दिसतो. व्हिनेगरने दूध फाटतं तेव्हा त्यातलं केसिन नावाचं प्रथिन गुठळ्या धरतं, बस एवढंच. त्यात विरजणाचे जिवाणू वाढत नाहीत आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कुणी खात नाही. कपभर दुधातलं साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज जसंच्या तसं राहतं. दही-ताकात विरजणाचे जिवाणू त्यातला काही भाग संपवतात, उरलेला पचवायलाही मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना ताक सोसतं. अशा माणसाला ‘हेही ताकच’ म्हणून व्हिनेगरचं दूध पाजलं तर त्याचं पोट दुखणार, फुगणार, जुलाब होणार. आमच्या आत्याला दुधाचा हा त्रास आहे आणि तिलाही हा निरोप आलाय. केकमधून तर प्रोबायोटिक मिळण्याचा प्रश्नच नाही. अस्सल ताक घातलं तरी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये केक आतपर्यंत शिजतो, त्यात जिवाणू जिवंत राहत नाहीत.

निरोपात खरं काय आहे, तेही सांगायला हवं. दूध आणि व्हिनेगरची युक्ती जुनी आहे आणि घरात दही नसेल तेव्हा चालते. कपभराच्या मापात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, बाकी दूध, पाच-दहा मिनिटं ठेवायचं. पॅनकेक, मफिन, साधा चॉकलेट केक यांत फारसा फरक कळत नाही, कारण सोड्याला आंबट मिळाल्याशी मतलब. दूध अजिबात न घेणाऱ्यांसाठी सोया दुधात व्हिनेगर घातलं तर तेही छान फाटतं. नारळाचं दूध तसं फाटत नाही, पण सोड्याचं काम होतं. मात्र ज्या केकची चवच बटरमिल्कवर उभी असते तिथे ही युक्ती तोकडी पडते. तिथे ताकच घ्या.

राहिलं पंधरा दिवसांचं. दुधात व्हिनेगर घातलं म्हणून ते लोणचं होत नाही, ते दूधच आहे. ठेवून द्यायची गरजही नाही. केकला लागेल तेवढंच, मैदा चाळायला घ्याल तेव्हा करून ठेवा.