निरीची फाईल चुकली म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करू नका

रविवारी रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. "दादा, पेनड्राइव्हवर फेडोरा लिनक्स चढवतोय, लॅपटॉप फॉरमॅट मारावा लागणार." का, विचारलं तर त्याने निरीबद्दल (लिनक्सवर विंडो मांडणारा प्रोग्राम) ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड वाचून दाखवला. तो असा: ‘निरी वापरू नका. कॉन्फिगमध्ये एक अक्षर चुकलं की सिस्टीम जाते, पुन्हा इन्स्टॉलच करावी लागते. विंडो हरवतात. दोनशे शॉर्टकट पाठ करावे लागतात. माउस चालत नाही. मराठी टाइप होत नाही.’

पहिल्या मुद्द्याचा मला राग आहे, कारण त्यापायी या पोराचा अख्ख्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट पुसला जाणार होता. बॅकअप नव्हता.

निरी आपली कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची, फाईल सेव्ह केल्याकेल्या पुन्हा वाचते. त्यात चूक सापडली तर आधीची मांडणी तशीच चालू ठेवते आणि वर एक सूचना दाखवते: फाईल वाचता आली नाही, ‘निरी व्हॅलिडेट’ चालवून बघा. त्याच्या पडद्यावर नेमकी तीच सूचना आली होती. ब्राउझर चालू, टर्मिनल चालू, सगळं जागच्या जागी. मी त्याला तीच कमांड द्यायला लावली. ओळीच्या नंबरासकट उत्तर आलं: ‘गॅप्स’ लिहायच्या जागी त्याने ‘गॅप’ लिहिलं होतं. एक एस राहिला होता! तो टाकून सेव्ह केलं आणि विंडोंमधलं अंतर तिथल्या तिथे बदललं.

चुकीची फाईल तशीच ठेवून रीस्टार्ट केलं तरी निरी स्वतःच्या मूळ मांडणीवर उघडते. तेही नको असेल तर लॉगिनच्या पडद्यावर ग्नोम (लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप) निवडा. कॉन्फिग ही होम फोल्डरमधली साधी टेक्स्ट फाईल आहे. तिचं नाव बदलून ठेवलंत तर पुढच्या लॉगिनला निरी नवी कोरी फाईल बनवते. यात फॉरमॅटचा संबंध कुठे आला?

विंडो हरवतात, यात थोडं तथ्य आहे, मान्य. इथे विंडो एका आडव्या लांब पट्टीवर ओळीने बसतात. नवी उघडली की बाकीच्या आक्रसत नाहीत, पट्टी पुढे वाढते. म्हणून दुपारी उघडलेली पीडीएफ उजवीकडे कुठेतरी राहून जाते आणि आपण ती विसरतो, माझंही होतं. पण मॉड (एरवी सुपर, म्हणजे विंडोजची की) आणि ओ दाबा, सगळ्या पट्ट्या छोट्या होऊन एकदम दिसतात. ही सोय मे २०२५ च्या आवृत्तीपासून आहे.

दोनशे शॉर्टकट कोणी मोजले? रोज लागतात ते दहा-बारा, आणि मॉड, शिफ्ट, स्लॅश दाबलं की महत्त्वाच्या शॉर्टकटची यादीच समोर येते. माउस चालतो. मॉड धरून विंडो ओढता येते, टचपॅडवर तीन बोटांनी पट्टी सरकवता येते.

त्या मेसेजमध्ये नसलेली एक खरी अडचण मी सांगतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर निरी जरुरीपेक्षा बरीच जास्त व्हिडिओ मेमरी धरून ठेवते. त्यावरचा उपाय निरीच्या अधिकृत माहितीपानांवरच दिला आहे, ड्रायव्हरसाठी एक छोटी प्रोफाइल फाईल बनवावी लागते. एनव्हिडिया असेल तर हे आधी करा.

आणि मराठी. कॉन्फिगमध्ये कीबोर्डच्या एक्सकेबी भागात लेआउट ‘यूएस,आयएन’ लिहा, दोन भाषांत ये-जा करायला ऑप्शन्समध्ये सुपर-स्पेसचा पर्याय द्या. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची प्रमाण कीबोर्ड मांडणी, लगेच चालू होतं. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर ‘आयएन’साठी मराठी कगप हा व्हेरियंट निवडा. वरचा सगळा मजकूर मी निरीवरच, कगपमध्ये टाइप केला आहे.

ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला, त्यांनी बाकीचं काहीही ठेवा, पण पुन्हा इन्स्टॉल करायला सांगणारी ओळ त्याच ग्रुपवर मागे घ्या. अजून कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन बसलं असेल.