क्लोरीनला आरोपी ठरवण्याआधी पाण्यात आधीपासून काय होतं ते बघा

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या आणि गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कॅन्सर होतो, परदेशात त्यावर केव्हाच बंदी आली, आपल्याकडे मात्र नगरपालिका रोज विष पाजते, म्हणून तुरटी फिरवलेलं नितळ पाणी प्या, नाहीतर आरओ बसवा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ५० च्या आत ठेवा. यातला पहिला मुद्दा निखालस खोटा नाही, आणि म्हणूनच हा मेसेज घातक आहे. अशा अर्धवट माहितीवर विसंबून लोक टाकीत टीसीएल (क्लोरीन सोडणारी ब्लीचिंग) पावडर टाकायला विरोध करतात आणि ती टाकणाऱ्या गावच्या जलसुरक्षकाशी वाद घालतात. तेव्हा एकेक दावा तपासू.

“क्लोरीनने कॅन्सर होतो.”

धरणाच्या, नदीच्या पाण्यात कुजलेला पाला, गवत, शेवाळ आणि माती यांतून सेंद्रिय पदार्थ विरघळून येतात. त्यांत ह्युमिक आणि फल्व्हिक आम्लांचा वाटा मोठा. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं, की क्लोरीनची या पदार्थांशी गाठ पडली की क्लोरोफॉर्म आणि त्याच्या जातीची इतर संयुगं तयार होतात. या गटाला ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला ‘माणसात कर्करोगाला कारण ठरू शकेल’ अशा २ब गटात ठेवलं आहे. क्लोरीन घातलेलं पिण्याचं पाणी मात्र १९९१ मध्ये तिने गट ३ मध्ये टाकलं, म्हणजे ठाम वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. वर्षानुवर्षं जास्त ट्रायहॅलोमिथेन असलेलं पाणी पिण्याचा मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. तेव्हा काळजी रास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० या मानकातही क्लोरोफॉर्मला लिटरला ०.२ मिलिग्रॅमची आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनला ०.०६ मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे.

पण ही संयुगं होण्यासाठी दोन घटक लागतात. क्लोरीन काढून टाकला तर कॉलरा, टायफॉईड, कावीळ यांना मोकळं रान मिळतं. विरघळलेला सेंद्रिय भाग क्लोरीनच्या आधीच काढला, तर दोन्ही धोके एकदम कमी होतात. मेसेजमध्ये नेमकी हीच गोष्ट नाही.

हे काम कसं होतं ते जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत जार टेस्टच्या वेळी डोळ्यांनी दिसतं. सहा बीकर, प्रत्येकात लिटरभर कच्चं पाणी, तुरटीचा डोस पहिल्यापासून सहाव्यापर्यंत चढता. मिनिटभर पाती जोरात फिरवायची, मग वीसेक मिनिटं संथ, मग बंद करून गाळ बसू द्यायचा. पावसाळ्याच्या सुरुवातीचं पाणी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या बीकरमध्येच फ्लॉक (तुरटीने मातीचे धरलेले पुंजके) चांगले धरतात आणि वरचं पाणी नितळ होतं. गढूळता मोजली, आकडा बसला, डोस ठरला. बऱ्याच केंद्रांत काम इथेच संपतं. तेच पाणी गाळून २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तपासलं तर मात्र शोषण अजून बरंच शिल्लक दिसतं; हा प्रकाश सेंद्रिय पदार्थ शोषतात. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ तिथेच असतात. डोस आणखी चढवला आणि सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणला, की पुढच्या बीकरमध्ये हा आकडा खाली येतो, कारण ऋण भाराची ह्युमिक आम्लं अॅल्युमिनियमला चिकटून गाळाबरोबर खाली जातात. म्हणजे गढूळतेसाठी पुरणारी तुरटी सेंद्रिय भागासाठी पुरतेच असं नाही. हे वाक्य प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

कोकणातल्या जांभ्यावरून येणाऱ्या पाण्यात एक अडचण असते. तिथे अल्कलिनिटी (आम्ल पचवून सामू टिकवण्याची पाण्याची ताकद) मुळातच कमी, आणि तुरटीचा प्रत्येक मिलिग्रॅम सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खातो. सामू झपाट्याने घसरतो. म्हणून तिथे चुन्याशिवाय भागत नाही, आणि पाणी जलवाहिनीत सोडण्याआधी सामू परत वर आणावाच लागतो, नाहीतर ते पाइप खात जातं.

क्लोरीन घालायची जागाही महत्त्वाची. कच्चं पाणी आत येतानाच भरपूर क्लोरीन सोडला, तर सेंद्रिय पदार्थ पूर्ण मात्रेत हजर असतानाच त्याची त्यांच्याशी गाठ घालून दिल्यासारखं होतं. गाळ बसल्यावर, शक्यतो फिल्टरनंतर घातला तर ट्रायहॅलोमिथेन कमी होतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर पुढे सक्रिय कोळसा आहे, ओझोन आहे. खर्चाचे उपाय आहेत, पण माहीत नसलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे: ही उपसंयुगं जरूर कमी करा, पण त्यासाठी निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका.

“परदेशात क्लोरीनवर बंदी आहे.”

नाही. अमेरिकेत पाण्यातल्या क्लोरीनला लिटरला ४ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, आणि एकूण ट्रायहॅलोमिथेनला ८० मायक्रोग्रॅमची मर्यादा. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा नेदरलँड्स असतं. ॲमस्टरडॅमने १९८३ मध्ये पाणी वाहिन्यांत सोडताना क्लोरीन घालणं थांबवलं आणि पुढे सगळ्या देशानेच ते सोडलं, हे खरं आहे. पण त्यासाठी तिथे पाणी वाळूच्या टेकड्यांतून झिरपवतात, ओझोन आणि कोळशातून नेतात आणि जिवाणूंना खायला फारसं काही उरणार नाही इतका सेंद्रिय भाग काढतात. त्यांच्या वाहिन्या चोवीस तास दाबाखाली असतात आणि गळती फार थोडी.

आपल्याकडे अनेक गावांत पाणी दिवसाआड, काही ठिकाणी आठवड्याने. वाहिनी रिकामी झाली की जोडातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. अशा वाहिनीत उरलेला लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हाच पाण्याचा राखणदार. ओटी टेस्टमध्ये (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून करायची क्लोरीनची तपासणी) नळाच्या पाण्याला पिवळी छटा येते ती याचीच.

“पाणी नितळ म्हणजे शुद्ध.”

विरघळलेलं डोळ्यांना दिसत नाही आणि विषाणूही दिसत नाहीत. घरात तुरटी फिरवल्याने माती बसते, जंतू काही प्रमाणात गाळाबरोबर जातात, पण सगळे नाही.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी शिरलं. तुरटी आणि क्लोरीनचे डोस वाढवले गेले, तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. सांडपाण्यातला सेंद्रिय भाग क्लोरीन खाऊन टाकतो आणि विषाणूंसाठी पुरेसा उरत नाही. त्या साथीचा विषाणू पुढे हेपटायटिस ई म्हणून ओळखला गेला. म्हणून सेंद्रिय भार कमी करणं म्हणजे नुसती कॅन्सरची काळजी घेणं नव्हे. तसं केल्यानेच क्लोरीनला आपलं काम करता येतं.

“आरओ लावा, टीडीएस ५० च्या आत ठेवा.”

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं, म्हणजे प्रामुख्याने क्षार. क्लोरोफॉर्म, जिवाणू, विषाणू त्यात येत नाहीत आणि ह्युमिक पदार्थ जवळपास येतच नाहीत. मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे. ५० हा आकडा विक्रेत्यांचा आहे. आणि ते दोन दांड्यांचं यंत्र बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतात ना, तो रंग लोखंडी दांडीच्या गंजाचा असतो. क्षार असलेल्या कुठल्याही चांगल्या पाण्यात तो येतो. ही सरळसरळ फसवणूक आहे आणि ती थांबायला हवी.

बोअरचं पाणी खारं असेल, फ्लोराईड जास्त असेल, तर आरओ जरूर घ्या. धरणाच्या गोड्या पाण्याला त्याची गरज नसते. उलट पडद्याआधीचा कोळसा क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे आरओच्या टाकीतल्या पाण्याला राखणदार उरत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड परिसरात जीबीएसची (गियान-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली तेव्हा खासगी टँकर आणि आरओ केंद्रांचं पाणीही तपासावं लागलं.

घरी साधा सक्रिय कोळशाचा फिल्टर चालेल, कांडी वेळेवर बदलत असाल तर. पाणी उकळताना झाकण उघडं ठेवा. क्लोरोफॉर्म ६१ अंशालाच उकळतो आणि उडून जातो.

ग्रुपवर विष-विष लिहिण्याऐवजी नगरपालिकेकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: ट्रायहॅलोमिथेनची शेवटची तपासणी केव्हा झाली आणि आकडे काय आले, कच्च्या आणि शुद्ध पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती, आणि क्लोरीन फिल्टरच्या आधी घातला जातो की नंतर. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘तपासणी होत नाही’ असं आलं, तर तो अर्ज घेऊन नगरसेवकाकडे जा आणि पुढच्या अंदाजपत्रकात प्रयोगशाळेसाठी तरतूद मागा.