अडीच तोळ्यांचा बाण

बेळगावच्या शहापुरातल्या सराफी पेढीची पायरी माणूस चढतो ती घरात लग्न ठरलं म्हणून, नाहीतर हप्ते थकले म्हणून. मी चढलो ते बाणाचं वजन करायला. तिथे जे झालं ते अजून डोक्यातनं जात नाही. घरी सांगितलं तर घरचेही तिथे भेटलेल्या मावशींच्याच बाजूने बोलायला लागले. म्हणून इथे लिहितोय.

मला धनुष्यबाणाचा नाद आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, मी धनुष्य घेतलं. धनुष्य तयार मिळतं, बाण मात्र ज्याचा त्याने आपल्या मापाने बांधलेला बरा. नळी वेगळी घ्यायची, पिसं वेगळी, टोक वेगळं, दोरीत अडकणारी मागची खाच वेगळी. हे शिकायला बेळगावात कोणाकडे जाणार? मला गुरू भेटले ते अमेरिकेतले शिकारी. तिकडे धनुष्याने हरणं मारायचा रीतसर हंगाम असतो, परवाना मिळतो, आणि ही मंडळी मोबाइलसमोर बसून तासन्‌तास बाणाबद्दल बोलतात. त्यांचं कुठलंही वाक्य शेवटी हरणाच्या बरगड्यांपाशी जाऊन थांबतं. मी बरगड्यांच्या जागी पोतं म्हणतो आणि पुढचं ऐकतो. परसात माझं एक पोतं आहे, जुन्या साड्या ठासून भरलेलं. त्यावर माझी सगळी विद्या चालते.

बाण निवडताना पहिला प्रश्न येतो तो नळीच्या ताठपणाचा. अठ्ठावीस इंचांवर दोन टेकू ठेवायचे, त्यांवर नळी आडवी, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि नळी किती वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच वाकली तर तिचा नंबर ५००. नंबर जितका मोठा तितकी नळी मऊ. कारण सुटलेला बाण सरळ जातच नाही. दोरीचा धक्का बसला की तो वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि पुढे जाऊन सावरतो. माझ्यासारख्या उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण गरजेपेक्षा ताठ असला तर डावीकडे लागतो, मऊ असला तर उजवीकडे. बरं, नळी लांब ठेवली की ती मऊ वागते, टोक जड लावलं तरी मऊ वागते. डावीकडचं सुधारायला जावं तर उजवीकडचं बिघडतं. १९६७ पासून सीमावादावरच्या महाजन अहवालाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला यात नवीन काही वाटू नये, तरी रविवारची दुपार याच्यात जाते.

नळी कापायचा प्रकार तर वेगळाच. कार्बनची नळी साध्या करवतीने कापली की टोकाला तंतू सुटतात. तिला जोरात फिरणारी घासचकती लागते. ती काळी भुकटी छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क बांधून मी अंगणात बसतो, आणि शेजारचे काका कुंपणावरून विचारतात, "काय, परत कोरोना आला की काय?"

वजनाकडे येतो. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. जड बाण सावकाश जातो पण खोल रुततो, शिवाय धनुष्याचा आवाज कमी होतो, म्हणून शिकारी धनुष्याची दोरी ओढायला लागणाऱ्या जोराच्या दर पौंडामागे आठ-दहा ग्रेन धरतात. माझं धनुष्य पंचेचाळीस पौंडांचं, म्हणजे बाण साडेचारशे ग्रेनचा. आणि सगळे बाण एका वजनाचे हवेत, नाहीतर एक पोत्याच्या छातीत आणि दुसरा पोत्याच्या पायात. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या खाली बोलत नाही. ऑनलाइन मागवलेला खिशातला काटा तोच बाण उचलून परत ठेवला की नवीन वजन दाखवतो. शिवाय त्याचं पार्सल कोल्हापूरपर्यंत आलं, तिथून बेळगाव ओलांडून हुबळीला गेलं आणि हुबळीहून उलट आलं. त्यात बिचाऱ्याचा तोल गेला असेल.

मग आठवलं की इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे माझा बाण बरोबर अडीच तोळ्यांचा. आणि तोळे मोजायला शहापूरसारखी जागा नाही. सांगली संस्थानात होतं तेव्हापासूनची नजर आहे तिथल्या लोकांची.

पेढीवरच्या काकांनी माझ्या हातातलं लांब नळकांडं बघितलं आणि आपोआप तिजोरीच्या बाजूला सरकले. मी एक बाण काढून काउंटरवर ठेवला.

"हे काय म्हणायचं?"

"वजन करून हवं होतं."

"सोनं आहे आत?"

"नाही, कार्बन आहे."

"कितीचं?"

"पाचशेचं."

काका थोडा वेळ गप्प बसले. बाविसाचं, अठराचं, फार तर चोविसाचं ऐकायची सवय असलेला माणूस. तरीही त्यांनी काटा पुढे ओढला, हे त्यांचं मोठेपण. काट्यावर काचेची पेटी असते, वारा लागू नये म्हणून. बाण पेटीत मावेना. पेटी काढली, वाटी ठेवली, वाटीत बाण उभा केला, तर वरच्या पंख्याने पिसं हलायला लागली आणि आकडे नाचायला लागले. काकांनी पोऱ्याला हाक मारली, "पंखा बंद कर रे."

इथून पुढे सगळं बिघडलं. बाकावर बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी एकदम माझ्याकडे बघितलं. त्यात जांबोटीकडच्या एक मावशी होत्या. नथीचं काम घेऊन आलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. त्यांनी पदराने वारा घेत विचारलं,

"काय करूलालास रे बाबा? छत्रीची काडी हाय काय ती?"

"बाण आहे, मावशी."

"कुणाचा?"

"माझा."

"तुझा?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चष्म्यापाशी थांबल्या, पोटापाशी जरा जास्त थांबल्या. "आणि पिसं कशाची?"

"टर्कीची. तिकडचा पक्षी आहे, कोंबडीसारखा. तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात. डाव्याची तर सगळी डाव्याची. म्हणजे बाण गरगर फिरत सरळ जातो."

मला वाटलं, या माहितीने जरा वजन पडेल. मावशी म्हणाल्या, "आमच्यात मोराची रानात पडल्याली असत्यात. फुकट. खरं तुला तिकडचीच पायजेत." मग पुढे वाकून हळू आवाजात, जणू काकांनी ऐकलं तर भाव वाढेल, "ह्येनं डुक्कर मरतंय काय?"

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत बाणाचा खरा उपयोग विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं. मी उत्साहाने सांगायला लागलो की या वजनाचा बाण, पुढे धारदार पात्यांचं टोक, तिकडे लोक याने रानडुकरंही मारतात. मावशींनी पिशवीवरचे हात सोडले.

"मग ये की. शनवारी ये. ऊस हाय, भात हाय, सगळं उकरून ठेवलंय बघ. जेवाण घालतो."

"नाही मावशी, मारायचं नाही. कायदा आहे ना, १९७२ चा."

"बाहत्तरला दुष्काळ हुता."

"हो, पण कायदाही झाला."

"माणसाला खायाला न्हवतं तवा ह्येनी डुकराचं बघितलं व्हय?"

काका हसले. पोऱ्या हसला. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं, पण मी कायदा समजावायला लागलो. २०२२ च्या दुरुस्तीत रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेलं, पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, वगैरे. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, डुक्कर न्हाई मारायचं. गवा?"

"तो तर मुळीच नाही."

"ससा?"

"नाही."

"मग तू कशावर मारतंस?"

"पोत्यावर."

पंखा बंद होता, त्यामुळे पेढीत चांगलीच शांतता होती. प्रत्येकाला ऐकू गेलं.

"पोत्यावर?"

"हो."

"पोत्यानं काय केलंय तुझं?"

या प्रश्नाला उत्तर नाही. रात्री झोपताना दोन-तीन सुचली, पण ती पेढीवर चालली नसती. मी म्हणालो, सराव म्हणून. त्यावर पुढचा प्रश्न, कशाचा सराव? पोत्यात काय असतं? जुन्या साड्या. कुणाच्या? बायकोच्या. तिला विचारलंस? इथे बाकावरच्या आणखी दोन बायका सरकून जवळ आल्या.

काकांना माझी दया आली असावी. म्हणाले, "अहो, खेळ आहे तो. ती साताऱ्याची अदिती स्वामी, २०२३ ला बर्लिनला जाऊन जगज्जेती झाली की नाही? सतरा वर्षांची पोरगी."

"ती पोरगी जिंकली, तिचं बरोबर हाय," मावशी म्हणाल्या. "ह्यो काय जिंकलाय?"

खेळाडूंचं नाव घेऊन आपल्याला वाचवायला आलेला माणूस नेहमी आपल्याला आणखी खड्ड्यात ढकलून जातो. साताऱ्याचं नाव निघालं नसतं तर मी नुसता वेडा ठरलो असतो. आता वेडाही आणि हरलेलाही.

मग मावशींनी माझा नाद सोडला आणि डुकरांवर आल्या, आणि पेढीवरचं हसू हळूहळू बंद झालं. कळप रात्री येतो. ऊस खातो कमी आणि आडवा करतो जास्त. मुलगा गोव्याला कामाला, नवरा माळ्यावर डबा वाजवत जागतो आणि दिवसा झोपतो, म्हणजे शेत कोण बघणार? भरपाईचा अर्ज दिला तर म्हणे उतारा जोडा, फोटो जोडा, नासाडी किती गुंठ्यांत झाली ते लिहा. अर्ज सगळा कन्नडमध्ये. मावशींना कन्नड बोलता येतं, बाजार त्याच भाषेत करतात, पण शाळा मराठी, तीही चौथीपर्यंत, तर वाचणार कोण? कोणाकडून तरी भरून घेतला. तिथल्या कारकुनाने विचारलं, डुक्कर किती वाजता आलं?

"मी म्हटलं, घड्याळ न्हवतं त्येच्याकडं."

सगळे परत हसले. मी नाही हसलो. दोन पिढ्या त्याच जमिनीवर राहिलेल्या बाईला तिच्या उसाची नासाडी सिद्ध करायला भाड्याने अक्षरं आणावी लागतात, आणि रोज बातम्यांत आम्ही कुठल्या बाजूचे याच्यावर गळे काढणारे दोन्ही बाजूंचे पुढारी डिसेंबरात बेळगावात कर्नाटकाचं अधिवेशन आलं की तेवढे जागे होतात. अर्ज दोन भाषांत छापायला किती शाई लागते? आणि मी, अर्ध्या ग्रेनच्या फरकाने अस्वस्थ होणारा माणूस, तिच्या समोर उभा राहून तिला अनुसूच्या सांगत होतो. कायदा बरोबरच आहे, डुकरं मारत सुटलं तर भीमगडच्या जंगलात उद्या काय उरेल हेही मला माहीत आहे. तरी चिडचिड झाली. कोणावर, ते नक्की करता येत नव्हतं, म्हणून मी काकांना म्हणालो, "किती भरला?"

"एकोणतीस ग्रॅम, तेरा. अडीच तोळ्यांत जरा कमी."

४४९ आणि वर थोडं. एका ग्रेनच्या आत. माझ्या हातून बांधलेल्या बाणाबद्दल याहून चांगली बातमी त्या दिवशी मिळणार नव्हती, पण मी आनंद करणार इतक्यात मावशींच्या नथीतला एक मोती सुटला. कारागीर आतून नथ घेऊन आला होता, दाखवता दाखवता मोती काउंटरवर टपकला, तिथून फरशीवर, आणि फरशीवरून थेट लोखंडी कपाटाखाली.

गोंधळ झाला. पोऱ्या पोटावर आडवा पडला, हात पोचेना. झाडू आणा, पट्टी आणा. मावशींनी इकडेतिकडे बघितलं आणि वाटीत उभा असलेला माझा बाण उचलला.

"दे की ती काडी."

मी घ्या म्हणालो नाही. नको म्हणायलाही वेळ मिळाला नाही. मावशी गुडघ्यांवर बसल्या, टर्कीची पिसं पुढे करून बाण कपाटाखाली घातला आणि दोन-चार वेळा असा फिरवला की कित्येक वर्षांची जळमटं, मंगळसूत्राच्या डबीचं एक जुनं झाकण, एक बारा आणे पुसट झालेली पावती आणि शेवटी तो मोती, सगळं बाहेर आलं. पेढीवर टाळ्या वाजल्या. काका म्हणाले, "बघा, लागला की नेम!" आणि हे मला म्हणाले नाहीत, मावशींना म्हणाले.

बाणाची दोन पिसं चपटी झाली होती. त्याचं काही नाही, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरली की टर्कीची पिसं परत उभी राहतात. पण जळमटांसकट मी तो परत वाटीत ठेवायला गेलो तर काकांनी काटा बाजूला घेतला. कचरा लागला तर काटा बिघडतो म्हणे. आता गर्दीची वेळ झाली, पंखा पण लावायला हवा. मावशींच्या नथीला मोती बसवायची मजुरी मात्र माफ केली, मोती त्यांनीच शोधला म्हणून. माझ्याकडून वजनाचे वीस रुपये घेतले.

निघताना मावशींनी बाण पदराने पुसून माझ्या हातात दिला. "चांगला हाय," म्हणाल्या. "आमच्याकडं आंबे काढायला असला पायजे."

सहा बाणांपैकी एकाचं वजन कळलंय. उरलेल्यांसाठी काकांनी सोमवारी सकाळी बोलावलंय, गर्दी नसते म्हणून. मावशींची नथही सोमवारी सकाळीच तयार होणार आहे, असं पोऱ्याने जाता जाता सांगितलं.