गाठ खांद्याला, बाटली हातात

खांद्यावर चरबीची गाठ आहे, साधीच, तेवढीच जागा बधिर करून काढणार आहेत. तरी हातात जो कागद दिला त्यावर टिकच टिक. सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), एचआयव्ही, ईसीजी, छातीचा एक्सरे आणि वर युरिन रूटीन. खांद्याचा आणि लघवीचा काय संबंध असं मी काउंटरवर विचारलं तर बाईंनी मान वर न करता "अर्धी भरा" एवढंच सांगितलं.

भरलेली बाटली रुमालात लपवून बसलो तर शेजारी एक काका, मांडीवर जाडजूड फाइल.

"हिमोग्लोबिन किती तुमचं?"

"अजून रिपोर्ट यायचाय."

"माझं साडेचौदा. या वयात! क्रिएटिनिन पॉइंट नऊ. बघा, बघा." पोराची मार्कशीट दाखवावी तशी फाइल माझ्या नाकासमोर. ऑपरेशन कसलं विचारलं तर मोतीबिंदू. एक डोळा झालाय, आता दुसरा.

"भूलवाले तोंड उघडायला सांगतात, माहितीये? नळी घालायला जागा आहे का बघतात. करा बघू आ."

आणि मी चक्क केला हो! मला पूर्ण भूल नाहीये हे सांगायचं होतं, पण तोंड उघडं ठेवून काय सांगणार. काका चष्मा सरकवून आत डोकावले. "पडजीभ दिसतेय. जाईल नळी. कवळी?" मी मान हलवून नाही म्हटलं. पलीकडच्या आजीसुद्धा वाकून बघायला लागल्या.

आता टेस्ट मुळात का करतात ते मलाही कळतं. मोठ्या ऑपरेशनात रक्त जाणार म्हणून हिमोग्लोबिन, शुगर फार वाढलेली असेल तर जखम चिघळू शकते, किडनी कशी चाललीय ते क्रिएटिनिन सांगतं, त्यावर औषधांचा डोस ठरतो. सगळं मान्य. पण सरसकट? अमेरिका-कॅनडात मोतीबिंदूच्याच 19 हजारांहून जास्त ऑपरेशनांचा अभ्यास झाला, 2000 साली छापून आला. निम्म्यांच्या रूटीन टेस्ट केल्या, निम्म्यांच्या तक्रार असेल तरच, आणि गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच. ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या नाइस संस्थेने 2016 मध्ये सांगून ठेवलंय की ऑपरेशनआधी छातीचा एक्सरे आणि लघवीची पट्टी सरसकट करू नका. काकांना हे सांगायचा धीर झाला नाही, माणूस साडेचौदावर खूश आहे.

बरं 'नॉर्मल रेंज' म्हणजे तरी काय, तर बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांचे आकडे. उरलेले 5 टक्के निरोगी असूनही बाहेर. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट केल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा ठळक अक्षरात छापून यायची शक्यता 64 टक्के! माझे इओसिनोफिल आले, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. किंचित जास्त. झालं, आता फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट आणा.

फिजिशियननी विचारलं, "दोन जिने न थांबता चढता?"

"चढतो."

"दम? छातीत दुखणं?"

"नाही."

"मग फिट." सही, शिक्का. अहो, हे दोन प्रश्न त्या काउंटरवरच्या बाईंनी विचारले असते तर चाललं नसतं का? इओसिनोफिलांचं काय म्हटलं तर म्हणाले, सर्दी असेल, सोडून द्या. फी मात्र नाही सोडली.