शंखाने कुरुक्षेत्रावर कुणी मेलं नाही

‘नादास्त्र’ नावाचा मजकूर सध्या पुन्हा ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गीतेत शंखनादाने कौरवांची हृदयं फाटली असं लिहिलंय; बायबलमध्ये शिंगं फुंकून जेरिकोचा तट पाडला; तानसेनाने दीपक गाऊन दिवे पेटवले; आवाजाने काचेचा ग्लास फुटतो हे तर विज्ञानानेच दाखवलंय; आणि आज अमेरिकी नौदलाकडे ध्वनीची तोफ आहे. सबब नादाने शत्रू मारायची विद्या आपल्याकडे होती, ती लोप पावली, आणि चिनी सिनेमात वाद्याच्या तारांतून सुऱ्या सुटतात ती आपलीच उसनवारी.

गीतेपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळा डोलारा तिच्यावर उभा केलाय.

‘स घोषो धार्तराष्ट्राणां हृदयानि व्यदारयत्’ ही ओळ आहे, पहिल्या अध्यायातला एकोणिसावा श्लोक. पण मजकूर लिहिणाऱ्याने पुढचा श्लोक वाचलेला दिसत नाही. विसाव्या श्लोकात अर्जुन समोर बघतो तेव्हा हेच कौरव व्यूह रचून जागच्या जागी उभे आहेत आणि शस्त्रं आता चालू होणार आहेत. म्हणजे हृदयं फाटल्यावर एकही माणूस पडलेला नाही, आणि शस्त्रांची पाळी शंखांच्या नंतर येते. मागे जाऊन बारावा श्लोकही बघा. पहिला शंख भीष्म फुंकतात. कशासाठी? दुर्योधनाला हर्ष व्हावा म्हणून. तो नुकताच द्रोणांपुढे पांडवांकडच्या वीरांची नावं घेऊन आलाय, धास्तावलाय, आणि आजोबा त्याला धीर देतायत. ज्या वाद्याने एकाला हुरूप येतो त्याच वाद्याने दुसऱ्याच्या काळजात धस्स होतं. हे रणवाद्याचं नेहमीचं काम झालं.

गंमत म्हणजे या मंडळींना हवा तसा दाखला महाभारतात खरंच आहे, फक्त तो त्यांनी शोधला नाही. विराटपर्वात गोधन सोडवायला निघालेला अर्जुन शमीच्या झाडावरची शस्त्रं उतरवून घेतो आणि शंख फुंकतो. परिणाम कुणावर होतो? त्याच्याच रथाच्या घोड्यांवर. ते गुडघे टेकतात, आणि सारथ्य करणारा विराटाचा मुलगा उत्तर घाबरून रथातच बसकण मारतो. अर्जुन विचारतो, शंख काय तू आधी ऐकले नाहीस? उत्तर म्हणतो, ऐकलेत, पण असा नाही. मग अर्जुन त्याला पाय रोवून, लगाम घट्ट धरून बसायला सांगतो, कारण आता तो पुन्हा फुंकणार आहे. शत्रूच्या आधी आपलाच सारथी लोळवणारं हे अस्त्र!

पुढे त्याच युद्धात संमोहनास्त्राच्या जोडीला अर्जुन पुन्हा शंख फुंकतो आणि कौरववीर भान हरपून हातातली धनुष्यं टाकून देतात. भीष्मांना या अस्त्रावरचा तोड ठाऊक असल्याने ते शुद्धीवर असतील, त्यांच्या घोड्यांपासून लांबून जा, अशी सूचना अर्जुन उत्तराला करतो. आणि मग या बेसावध वीरांचं काय होतं? त्यांचे गळे कापले जात नाहीत. उत्तर रथातून उतरून द्रोण-कृपांची पांढरी, कर्णाची पिवळी, अश्वत्थामा-दुर्योधनाची निळी वस्त्रं काढून आणतो, कारण त्याच्या बहिणीला, उत्तरेला, बाहुल्यांसाठी कापड हवं होतं. वाद्य शस्त्र झालं तर ते काय करेल, याची व्यासांची कल्पना ही अशी आहे: घाबरवेल, भुलवेल, फजिती करेल. मारणार नाही.

आता कुणी ज्ञानेश्वरी पुढे करेल, आणि ते रास्त आहे. पहिल्या अध्यायात रणवाद्यांचं वर्णन करताना माउली लिहितात, ‘एकां उभयांचि प्राण गेले । चांगांचे दांत बैसले । बिरुदांचे दादुले । हिंवताती ॥’ उभ्या उभ्या प्राण गेले, असं चक्क म्हटलंय. पण शेजारच्या ओळी सोडू नका. चांगल्याचांगल्यांची दातखीळ बसली, बिरुदं मिरवणारे मर्द हुडहुडी भरल्यासारखे कापू लागले. भीतीने गारठलेल्या सैन्याचं चित्र आहे हे, ध्वनिलहरींच्या प्रयोगाची नोंद नव्हे.

‘प्राचीन युद्धशास्त्रात ही विद्या होती’ म्हणणाऱ्यांनी कौटिल्य उघडावा. अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात वाद्यांचा उपयोग सांगितलाय तो इशाऱ्यांसाठी: व्यूहातल्या कुठल्या भागाने कधी पांगायचं, कधी एकत्र यायचं, हे तूर्यांच्या आवाजाने आणि ध्वज-पताकांनी कळवावं. चौदाव्या अधिकरणात विषारी धूर, आंधळं करणारी मिश्रणं, असं बरंच अचाट सापडतं. तिथेही वाद्य येतं, पण विषावर उतारा म्हणून: अमुक औषधांचा लेप दिलेल्या वाद्यांचा आवाज विष उतरवतो. राजवाड्यात वाद्यांची धास्ती मात्र कौटिल्याला होती. नटांची वाद्यं आतच ठेवावीत, त्यांना शस्त्र, अग्नी, विष यांचे खेळ करू देऊ नयेत, असं तो बजावतो. त्याला भीती वीणेच्या सुरांची नव्हती, वीणेतून आत काय येईल याची होती.

जेरिको आणि काचेचा ग्लास एकत्रच घेतो. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात सात याजक, सात शिंगं, सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात फेऱ्या, मग सगळ्यांची आरोळी आणि तट कोसळतो. ते पुस्तक स्वतः याचं श्रेय देवाला देतं, शिंगांना नाही. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी 1952 ते 1958 या काळात तिथे उत्खनन केलं. ज्या काळात ही स्वारी झाली असं मानतात त्या काळाचा तटच त्यांना सापडला नाही. जुनं शहर त्याच्या बरंच आधी, इसवी सनपूर्व 1550 च्या सुमारास उद्ध्वस्त झालेलं होतं.

आणि तट असता तरी? पातळ काचेच्या ग्लासला टिचकी मारा, तो किणकिणत राहतो. त्याचा स्वतःचा एक स्वर असतो. नेमका तोच स्वर शंभर डेसिबलच्या वर, जवळून, टिकवून धरला तर काच तडकते. 2005 मध्ये एका गायकाने ध्वनिवर्धकाशिवाय हे कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं. आता मातीच्या भिंतीला टिचकी मारा. ठक्, संपलं. ती कंपन गिळते. शिवाय जोरात फुंकलेल्या ट्रम्पेटमधून फार तर वॉटच्या काही दशांशाइतकी ध्वनिऊर्जा बाहेर पडते. सात शिंगं मिळून होतील दोनेक वॉट. मोबाईलचा चार्जर याहून जास्त देतो. डेसिबलच्या मोजणीत दर दहाला ऊर्जा दसपट होते. शिंगाचे 110 धरले आणि कानाचा पडदा फाटायला 160 च्या आसपास लागतात असं धरलं, तर फरक एक लाख पटीचा. एवढं करूनही फक्त पडदा फाटेल, माणूस उभाच राहील.

तानसेनावर फार वेळ घालवत नाही. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत त्याची तोंडभरून स्तुती केलीय, हजार वर्षांत असा गायक झाला नाही म्हणून. दिव्यांचा तिथे पत्ता नाही. कथेतही दीपक शत्रूला जाळत नाही, गाणाऱ्यालाच भाजतो. गाण्याने दगड विरघळतो तो 1952 च्या ‘बैजू बावरा’ सिनेमात. त्या जुगलबंदीला आवाज दिले अमीर खाँ आणि द. वि. पलुस्करांनी. इतके मोठे दोन गवय्ये एका वेळी गायले, स्टुडिओतला मायक्रोफोन शाबूत राहिला.

अमेरिकी ‘ध्वनीची तोफ’ हा खरं तर एका दिशेला रोखलेला प्रचंड कर्णा आहे. 2000 साली एडन बंदरात ‘कोल’ या युद्धनौकेवर हल्ला झाल्यावर, जवळ येणाऱ्या बोटींना लांबूनच दटावण्यासाठी तो तयार झाला. 2005 मध्ये सोमालियाजवळ एका प्रवासी जहाजाने तो चाच्यांवर रोखला. कान दुखावतात, कायमचे बिघडूही शकतात, पण त्यात संगीत नसतं. संगीत वापरलं ते पनामात, डिसेंबर 1989 मध्ये. तिथला हुकूमशहा नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत लपून बसला तेव्हा अमेरिकी सैन्याने बाहेर कर्णकर्कश रॉक लावलं. 3 जानेवारी 1990 ला तो बाहेर आला. गाण्याने त्याला इजा झाली नव्हती. झोप उडाली होती आणि आतल्या धर्मगुरूंचाही जीव मेटाकुटीला आला होता.

राहिली चिनी उसनवारी. प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छ्येनच्या इतिहासात इसवी सनपूर्व 202 ची गोष्ट आहे. गायशियाला वेढ्यात अडकलेल्या सेनानी श्यांग यूला रात्री चहूबाजूंनी छू प्रांताची, म्हणजे आपल्याच मुलखाची गाणी ऐकू येतात. शत्रूने छू जिंकलं की काय, असं वाटून तो हबकतो. तीन राज्यांच्या कादंबरीत सेनानी झुगे ल्यांग रिकाम्या किल्ल्याच्या तटावर निवांत छिन हे तंतुवाद्य वाजवत बसतो आणि समोरची फौज दगाफटक्याच्या संशयाने मागे फिरते. तारांतून सुऱ्या उडवणाऱ्या सिनेमावाल्यांना घरातच एवढं सापडत होतं. तरी त्यांनी ते आपल्याकडून घेतलं असं म्हणायचं असेल, तर कुठला ग्रंथ, कुणाचं भाषांतर, कुठल्या शतकात, यातलं काहीतरी दाखवायला हवं. मजकुरात त्या जागी फक्त ‘अभिमान असेल तर शेअर करा’ आहे.